गुरुजी, इंजेक्शन थांबवण्याआधी

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्यातला मजकूर देते. लिहिणारे ६८ वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. सव्वा वर्षापूर्वी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो बाहेर कुठे पसरलेला नव्हता, पण डॉक्टरांच्या मते जास्त जोखमीचा होता. बेळगावला रोज ये-जा करून महिनाभर शेक (रेडिएशन) घेतला. शिवाय दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे. दोन वर्षांत आठ घ्यायची आहेत, पाच झाली. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा माग ठेवणारा रक्तातला आकडा, एकदम खाली आला आहे. डॉक्टर खूश, मुलगा खूश. गुरुजी मात्र लिहितात: "अंगातून वाफा निघतात. जिना चढलो की पाय लटपटतात. छाती बायकांसारखी फुगली आहे, हात लावला तरी दुखते. लघवी लागली की पोचेपर्यंत थोडी सुटतेच. नवरा-बायकोचं म्हणून जे असतं ते संपलं. सप्ताहात वर्षानुवर्षं विण्याचा पहारा केला, यंदा नको म्हणालो. पावसाळ्यापासून सोप्यात झोपतो. बायको विचारते, 'माझं काय चुकलंय सांगा की.' काय सांगू? ताई, बाईमाणसाला हे लिहू नये. जीव वाचलाय, वर तक्रार करायची लाज वाटते. उरलेली तीन इंजेक्शनं नाही घेतली तर चालेल का?"

गुरुजी, नमस्कार.

लिहिलंत ते बरं केलंत. बाईमाणसाला लिहिलंत याचाही फायदा आहे, तो पुढे सांगते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: परस्पर बंद करू नका. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इंजेक्शन किती घ्यायची हे ठरवणं माझं काम नाही. पण तसंच सोसत राहा असंही मी सांगणार नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही सगळा त्रास एकट्या इंजेक्शनच्या नावावर मांडला आहे. वाफा, थकवा, छाती, लघवी, सोप्यातलं अंथरूण, सुटलेला पहारा, सगळं त्याच खात्यात. म्हणून ते थांबलं की सगळं सुटेल असं तुम्हाला वाटतंय. तसं होणार नाही. लघवीची घाई बहुधा शेकामुळे आहे. प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशीच असते, तिला शेक देताना मूत्राशयालाही थोडी झळ बसते. उद्या इंजेक्शन बंद केलंत तरी ती घाई तशीच राहील. आणि सोप्यातलं अंथरूण कुठल्याच औषधामुळे घातलेलं नाही.

इंजेक्शनचं काम काय, हे तुम्ही शिक्षक आहात म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदानं १९४१ साली हे दाखवून दिलं आणि १९६६ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. इंजेक्शननं मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोप बंद होतो आणि काही आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीसं होतं. जोखमीच्या कॅन्सरमध्ये नुसता शेक पुरत नाही, सोबत साधारण दीड ते तीन वर्षं हार्मोनचा उपचार दिला तर माणसं जास्त जगतात, हे सिद्ध झालेलं आहे. पीएसए खाली आलाय म्हणजे काम झालं असं समजू नका. इंजेक्शन चालू असेपर्यंत तो सहसा खालीच राहतो.

मात्र 'दीड ते तीन' या शब्दांत तुमच्यासाठी जागा आहे. "डॉक्टर, मला त्रास फार होतोय. माझ्या रिपोर्टांप्रमाणे दीड वर्षावर थांबता येईल का? थांबलो तर धोका किती वाढेल?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कदाचित ते हो म्हणतील, कदाचित बायोप्सीचा कागद दाखवून पूर्ण दोन वर्षंच का हवीत ते समजावतील. दोन्हींत तुम्ही अंधारात राहणार नाही. आणखी एक हिशेबात धरा. इंजेक्शन थांबलं की दुसऱ्या दिवशी जुने गुरुजी परत येत नाहीत. संप्रेरक पुन्हा वाढायला महिनोन्‌महिने लागतात, वय जास्त असेल तर वर्षही लागतं आणि काहींच्या बाबतीत ते पूर्ण पहिल्यासारखं होतही नाही. त्यामुळे त्रासावर उपाय आत्ताच करायला हवेत, इंजेक्शन चालू असो की बंद.

आता तुम्ही ओझरतं लिहिलेलं एक वाक्य. "तपासणीला सून सोबत असते, तिचं कन्नड चांगलं आहे." मला वाटतं, तुमच्या सव्वा वर्षाच्या मुकेपणाचं मूळ इथंच आहे. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, सून तुम्हाला विचारते, "मामा, काय त्रास आहे का?" आणि तुम्ही म्हणता, "नाही, बरं आहे." दुसरं म्हणणार तरी काय? सुनेच्या तोंडून लघवी आणि छाती सांगायची, याहून मरण बरं वाटलं असेल. ती केसपेपरवर 'बरं आहे' लिहून घेऊन येते आणि डॉक्टर खूश होतात. सीमाभागातल्या किती ओपीडींत किती म्हातारी माणसं अशी 'बरी' असतील कोण जाणे.

यावर उपाय सोपा आहे. बेळगावातल्या बहुतेक डॉक्टरांना मराठी समजतं. ज्यांना येत नाही त्यांच्याकडच्या नर्सला, नाहीतर वॉर्डबॉयला येतं. सुनेला म्हणा, "तू फाइल दे आणि बाहेर बस, मला दोन मिनिटं एकट्याला बोलायचंय." तिला वाईट वाटणार नाही, उलट सुटल्यासारखं होईल. आणि बोलताना जीभ अडखळणार असेल तर घरूनच कागदावर लिहून न्या. शाळेत फळ्यावर लिहायचात तसं, ठळक: "रात्री तीन-चार वेळा घाम फुटून जाग येते. लघवी रोखता येत नाही, रोज कपडा बदलावा लागतो. छाती दुखते. संबंध होत नाहीत, इच्छाही नाही. मन उदास असतं, कारण नसताना रडू येतं." रडण्याचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण या इंजेक्शनवर असलेल्या पुष्कळ पुरुषांना ते होतं. होत असेल तर लिहा. संडासवाटे रक्त गेलं असेल तर तेही लिहा. शेकानंतर ते होऊ शकतं, पण मूळव्याध समजून घरी बसू नये. आणि पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांनी गुदद्वारातून दुर्बिणीची तपासणी करायची म्हटली तर "मी प्रोस्टेटला शेक घेतलाय" हे आधी सांगा. शेक बसलेल्या जागेचा तुकडा काढला तर जखम भरायला त्रास होतो.

आता लघवीचं. तुम्ही पाणी कमी केलं असणार, सगळेच करतात. त्यानं लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते. पाणी दिवसभर नेहमीसारखं प्या, झोपायच्या आधी दोन तास हात आखडता घ्या. चहा मात्र कमी करा. शाळेच्या सवयीनं पाच-सहा कप होत असतील तर दोनावर या.

मग स्नायूंचा व्यायाम. लघवी मध्येच रोखायची किंवा चारचौघांत वात दाबायचा तर आतून जे आवळतो, ते हे स्नायू. पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद ढिले सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट करायचे नाहीत. बरोबर जमत असेल तर समोर बसलेल्यालाही कळणार नाही. लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका, स्नायू ओळखण्यापुरतं एकदा रोखून बघितलं तर ठीक. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात, आठ दिवसांत सोडू नका. घाई झाली की धावायचं नाही, हेही शिकावं लागतं. धावताना पोटावर दाब येतो आणि वाटेतच सुटते. जागच्या जागी थांबा, पाच-सहा वेळा पटापट आवळा, लाट ओसरू द्या, मग सावकाश चालत जा. हळूहळू दोन वेळांतलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्या. एवढं करूनही आवरत नसेल तर घाई कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. पण आधी लघवीत जंतू आणि रक्तात साखर तपासून घ्या.

ज्यांनी शेक न घेता ऑपरेशन करून प्रोस्टेट काढली आहे, त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना खोकलं, शिंकलं, घागर उचलली की गळते. त्यांनाही हाच व्यायाम. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात पुष्कळ सुधारतं. वर्षानंतरही दिवसाला अनेक पॅड लागत असतील तर नशीब म्हणून बसू नका, त्यावर ऑपरेशनचे उपाय आहेत. मूत्ररोगतज्ज्ञाला विचारा.

तोवर पॅड वापरा. लाजायचं कारण नाही. मोठ्या माणसांचे डायपर सगळे ओळखतात, पण पुरुषांसाठी आतल्या चड्डीत बसणारे लहान पॅडही मिळतात. गावच्या मेडिकलात मागायला नको वाटत असेल तर बेळगावहून एकदम महिन्याचे आणा. खर्च परवडत नसेल तर जुन्या धोतराची स्वच्छ घडीसुद्धा चालते. ती ओली ठेवायची नाही, धुऊन उन्हात वाळवायची. तुमच्याकडच्या पावसाळ्यात ऊन कुठलं, तेव्हा इस्त्री फिरवा. वापरलेले पॅड ओढ्यात टाकू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका.

आणि विण्याचा पहारा. वीणा गळ्यात घेतली की दुसऱ्यानं घेईपर्यंत खाली ठेवता येत नाही, बसता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही नाही म्हणालात. पण दोन तासांऐवजी एक तास मागून घेता आला असता. मंडळातल्या एकाच विश्वासाच्या माणसाला सांगायचं, "मी खूण केली की वीणा घे." आधी लघवीला जाऊन यायचं, पॅड लावायचा, उभं राहायचं. अशा अंगानं वीणा कशी धरू, ही शंका मनात असेल तर तुमच्या महाराजांना विचारा. मला विचाराल तर, पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या हजारो म्हाताऱ्यांतल्या कितीजणांची धोतरं कोरडी असतात?

आता मी मघाशी म्हटलं ते. अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, मध्येच धडधड, उगाच चिडचिड, हे काय असतं हे तुमच्या घरात एका व्यक्तीला पुरतं ठाऊक असण्याची शक्यता मोठी आहे. पाळी जाताना पुष्कळ बायकांना नेमकं हेच होतं. कारणही सारखंच: संप्रेरक एकदम कमी होणं. तुमच्या पत्नीनं स्वयंपाकघरात पदरानं वारा घेत ते सोसलं असेल आणि तेव्हा तुम्हाला सांगितलंही नसेल. आज तुम्ही ते त्यांच्यापासूनच लपवून सोप्यात झोपता. सांगून बघा: "डॉक्टरांच्या इंजेक्शननं मला तुझ्या पाळी गेल्या वेळसारखं होतंय." त्या हसतील बहुधा. हसू द्या.

तुम्ही दोन गोष्टी धरून चालला आहात. एक, त्यांना कळलं तर तुमची किंमत कमी होईल. दोन, जवळ गेलं नाही म्हणजे त्यांना त्रास नाही. दोन्ही त्यांना न विचारता ठरवलेल्या आहेत. इकडे त्या स्वतःची चूक शोधताहेत. सहा-आठ महिने नवरा बाहेर झोपतो, धड बोलत नाही, चार घरं तर्क करतात. खरं कारण औषध आहे एवढं कळलं तरी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. बोलायची सुरुवात जमत नसेल तर हे सदर त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "हे माझं पत्र आहे."

शरीरसंबंधांचं खोटं आश्वासन देत नाही. इंजेक्शन चालू आहे तोवर इच्छाच मंदावते आणि इच्छा नसताना ताठरतेच्या गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो. नंतर सुधारेल का, किती, हे वय, साखर, रक्तदाब, शेकाचा परिणाम यांवर आहे. गोळ्या, निर्वात पंप, त्यासाठीचं वेगळं इंजेक्शन असे उपाय आहेत आणि मूत्ररोगतज्ज्ञ ते लाज न बाळगता सांगतात. मात्र मेडिकलातून परस्पर गोळी आणू नका. हृदयासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्यानं या गोळ्या घेतल्या तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. ताकदीच्या पावडरी, झाडपाल्याची औषधं यांचंही तेच. जी पावडर पुरुषी ताकद वाढवल्याचा दावा करते, ती खरी असेल तर इंजेक्शनच्या विरुद्ध काम करणार आणि खोटी असेल तर पैसे गेले. पण पाठीवर हात, शेजारी अंथरूण, संध्याकाळी कट्ट्यावर दोघांनी बसणं, याला कुठलं संप्रेरक लागत नाही. नातवाला उचलत नाही असंही लिहिलंत, शेकाची बाधा होईल म्हणून. बाहेरून मशीननं दिलेला शेक अंगात राहत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

वाफांसाठी: सुती कपडे, उशाशी टॉवेल, तुमच्या बाजूला एक छोटा टेबलफॅन. खोलीचा पंखा लावला तर जुलैच्या खानापुरात शेजारचं माणूस कुडकुडेल. कडक चहा, झणझणीत रस्सा, दारू यांनंतर वाफा वाढतात का, आठवडाभर टिपून बघा. फारच असेल तर औषधं आहेत, कागदावर लिहाच. छातीसाठीही लवकर सांगितलं तर उपाय जास्त लागू पडतो.

थकव्याबद्दल मुलगा म्हणतो, "आप्पा, तुम्ही बसून राहा." मायेनं म्हणतो, पण चुकीचं आहे. या इंजेक्शननं स्नायू झडतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, साखर आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. बसून राहिलं की हे सगळं आणखी वेगानं होतं. या थकव्यावर हालचालीइतकं चांगलं औषध नाही. आठवड्यात दीडशे मिनिटं चालणं आणि दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं. आधी हृदयाचं डॉक्टरांना विचारून घ्या. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्व एकदा बघून घ्या. मोरीतल्या शेवाळलेल्या फरशीवर आजच खरखरीत चटई टाका, भिंतीला धरायला दांडा बसवा. या वयात, या औषधावर, खुबा मोडणं परवडणारं नाही.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी थोडं. ज्यांचा कॅन्सर हाडांत पसरलेला आहे त्यांनी दीड वर्षाचा माझा वरचा मजकूर स्वतःला लावू नये, त्यांचं गणित निराळं असतं. त्यांच्या बाबतीत एकदम पाठ दुखून पायातली शक्ती गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं. लघवी पूर्ण अडणं, गाठी असलेलं रक्त जाणं, थंडी वाजून ताप येणं, छातीत कळ येणं, यांतही थांबू नये. "दर तीन महिन्यांचा खर्च नको, वृषणं काढून टाका" असा सल्ला कुणी दिला तर तो अगदीच वेडा नाही. पसरलेल्या कॅन्सरमध्ये गरीब रुग्णांसाठी तो जुना आणि मान्य उपचार आहे. पण तो परत फिरवता येत नाही. मोजक्या काळासाठी इंजेक्शन असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. खर्चासाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत आपला उपचार बसतो का ते रेशनकार्ड घेऊन विचारा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी निघण्याआधी तिथल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला फोन करून कागदपत्रं पक्की करावीत.

आणि गुरुजी, मन फारच खाली गेलं, जगून काय उपयोग असं वाटायला लागलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. हीही औषधाचीच छाया असू शकते आणि तिच्यावरही उपचार आहेत.

ता.क.मध्ये तुम्ही विचारलंय, नाचण्याची आंबील चालेल का. चालेल, उत्तम. शंभर ग्रॅम नाचण्यात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तुमच्या हाडांना दिवसाला हजार-बाराशे लागतं, म्हणजे सोबत दूध-ताकही हवं. रक्तदाब असेल तर मीठ बेतानं घाला. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तेवढ्याच.